मुलीच्या बापाची निवडणूक

अर्जावर पहिलं नाव कुणाचं घालायचं यावरून शिवप्पा कारकुनाच्या टेबलापुढे दोन व्याही अर्धा तास हुज्जत घालत होते. भांडण म्हणावं, तर दोघेही एकमेकांपुढे हात जोडून उभे.

"पयलं नाव इवायांचं," हरिबा सांगत होते. "ते मुलाकडचे. मी मुलीचा बाप. माजं नाव खाली घाला. जमलं तर कागदाच्या मागल्या अंगाला घाला."

"मला कुटं बी घाला," तात्याबा म्हणाले. "पर लवकर घाला. मेंढरं उन्हात हुबी हाइत."

शिवप्पाने चष्मा कपाळावर चढवला. "अहो, पहिल्या ओळीत अध्यक्ष. अध्यक्षाला सही करता आली पाहिजे, कलम चार. दुसऱ्या ओळीत उपाध्यक्ष, त्याला अंगठा चालतो. आता सांगा, सही कोणाला येते?"

सही हरिबांनाच येत होती. घोंगड्या विकता विकता एका मास्तरांकडून ते चार अक्षरं शिकले होते. ही विद्या एक दिवस आपल्याच मुळावर येणार आहे असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी पाटी तिथंच फोडली असती. तात्याबांनी स्वतःचा अंगठा निरखून पाहिला आणि मोकळेपणानं हसले.

"करा की सही, इवाई. काय हुतंय?"

हरिबांनी सही केली. हात इतका कापत होता, की निम्मी सही घसरून खालच्या ओळीत, उपाध्यक्षाच्या जागेत गेली. तेवढाच मान राखला गेला, असं त्यांना वाटलं.

आता हे अध्यक्ष प्रकरण काय, ते सांगायला हवं. सन तीसच्या उन्हाळ्यात इंग्रज अंमलदार गाडीत बसून सोलापूर सोडून गेले, आणि आपल्या या गोष्टीत ते परत आलेच नाहीत. लोकांनी महिनाभर वाट पाहिली, मग वकिलांनी एकत्र बसून प्रजासत्ताक काढलं. घटना लिहिली, तिच्यात अमेरिकेसारखी अध्यक्ष-उपाध्यक्षांची जोडी घातली. पहिल्या जोडीतले दोघं एकमेकांना परके. सरकारी टांगा एकच, त्यात पुढं कोण बसणार यावरून ते दोघं तीन वर्षं बोलले नाहीत आणि टांगा तबेल्यात उभा राहून वाळवीनं खाल्ला. तेव्हा वकिलांनी घटना दुरुस्त केली: यापुढं जोडी सोयऱ्यांचीच असावी, म्हणजे भांडण होणार नाही. ज्यांनी हे लिहिलं, त्यांची लग्नं व्हायची असावीत.

चौतीस सालच्या निवडणुकीला बाजारातल्या लोकांनी तात्याबांना उभं केलं ते त्यांच्या आडामुळे. विजापूर वेशीबाहेर त्यांच्या दारात आड होता आणि भर वैशाखातही त्याचं पाणी आटत नसे. तात्याबा कुणाला जात विचारत नसत की गाव. विणकरांच्या बायका, गिरणीतली माणसं, टांगेवाले, सगळे घागरी घेऊन यायचे. अर्धं सोलापूर त्या आडाचं पाणी पीत होतं. एकटे हरिबा पीत नव्हते.

कारण उघड आहे. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरी जेवायचं नाही, घोटभर पाणीही प्यायचं नाही. हरिबांच्या अंबूचं लग्न तात्याबांच्या गुंडाशी होऊन दोन वर्षं झाली होती, आणि पाळणा अजून हलायचा होता. रीत सगळेच पाळतात. पण हरिबा ती जरा जास्तच जोरात पाळत, कारण तात्याबांचे त्यांच्यावर उपकार होते. अंबूच्या लग्नात अक्षता पडल्या आणि वावटळ उठली. मांडव उडाला, वाढलेल्या पंगतीवर बोटभर माती बसली. वराकडची माणसं उठून चालती झाली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. बिनआईची पोर बोहल्यावर उभी, आणि हरिबा पंगतीपुढं पागोटं हातात घेऊन उभे. तात्याबांनी भातावर फुंकर मारली आणि पहिला घास घेतला.

"माती काय परकी हाय व्हय? आपल्याच रानातली हाय की," ते म्हणाले. "वाढा आमटी."

त्या दिवसापासून व्याह्यांपुढं हरिबांची मान कधी वर झाली नव्हती. त्यांची एकच इच्छा होती, की आपल्यापायी अंबूला त्या घरात खाली बघायची वेळ येऊ नये. आणि नेमकं त्यांनाच आता व्याह्यांच्या डोक्यावर बसायचं होतं.

प्रचाराचं ठाणं पडलं तात्याबांच्या ओसरीवर. हरिबा तुळजापूर वेशीपाशी राहत. रोज सकाळी तांब्या भरून घ्यायचे आणि सगळं शहर ओलांडून चालत यायचे. पोचेपर्यंत तांब्या रिकामा. मग दिवसभर आडाच्या काठाला बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजायचं आणि आपण ओठांवरून जीभ फिरवायची. जेवणवेळ झाली की "जरा घरी जाऊन येतो" म्हणून उठायचे. घरी चूल थंड. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. मूठभर शेंगदाणे तोंडात टाकायचे आणि परत उन्हातून यायचे.

सभेत तर बघायलाच नको. दोन खुर्च्या मांडलेल्या असत, मोठी अध्यक्षांची, लहान उपाध्यक्षांची. हरिबा तात्याबांना मोठीत बसवायचे, आणि लहान खुर्ची त्या मोठीच्या फारच जवळ आहे म्हणून स्वतः खाली सतरंजीवर बसायचे. हार आला की तो तात्याबांच्या गळ्यात.

"ह्यातला अध्यक्ष कोनता म्हनायचा?" सभेला आलेला एखादा विचारी.

"त्यो खाली बसलाय त्यो."

"मग वर कोन बसलंय?"

"त्याच्या पोरीचा सासरा."

"असं व्हय," म्हणून विचारणारा समाधानानं मान डोलवी. घटना वकिलांना समजावून सांगावी लागली होती, पण ही बसायची रीत सोलापुरात कुणालाच समजावून सांगावी लागली नाही.

तात्याबा मात्र कावले. "आवो इवाई, वर बसा की! दोन खुर्च्यांवर मी एकटा किती पसरू?"

"आसू द्या, आसू द्या. मी हितं बराय. हितं वारं बी लागतंय."

तात्याबांचं काही नव्हतं हो. धाक होता तो विहीणबाईंचा. मायाक्का फार बोलत नसे. दाराच्या चौकटीला टेकून उभी राही आणि हरिबांकडं टक लावून बघे. त्यांच्या रिकाम्या तांब्याकडं बघे, फुटलेल्या ओठांकडं बघे आणि एक शब्द न बोलता आत जाई. मुलीचा बाप किती वर चढला हे ती डोळ्यांनी मापत असणार, असं हरिबांना वाटे आणि ते आणखी वाकून बसत.

आठव्या दिवशी हरिबा सभेवरून घरी आले, तर उंबऱ्यावर अंबू. शेजारी हे एवढं गाठोडं.

हरिबांनी आधी गाठोड्याकडं पाहिलं. "का गं? काय झालं?"

"काय न्हाय, आबा. आत्यांनी धाडलंय."

"धाडलंय म्हंजे? काय बोलल्या?"

"म्हनल्या, मतं पडेपातूर बापाकडं ऱ्हा."

"रागात म्हनल्या?"

अंबूनं जरा आठवून पाहिलं. "आत्या कशात म्हनल्या ते कळतंय का कदी कुनाला?"

गुंडा मेंढरं घेऊन लांब गेलेला, त्याला विचारायची सोय नाही. हरिबा भिंतीला पाठ लावून खालीच बसले. झालं! जे होऊ नये म्हणून आठ दिवस सतरंजीवर बसून काढले, तेच झालं. सुनेचा बाप वर आणि आपला नवरा खाली, हे कुठल्या बाईला सोसेल? अंबूनं मात्र पदर खोचला, चूल पेटवली, गरम भाकरी आणि पिठलं पुढं ठेवलं. डोळे पुशीत पुशीत हरिबांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

"घरात पीठ हुतं व्हय गं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"हुतं की," अंबू चुलीकडं तोंड करून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते शिवप्पाच्या टेबलापुढं हजर. "माजं नाव काडा."

"मुदत संपली."

"मग इवायांचं वर करा, माजं खाली."

"अय्यो, सही कुठून आणायची?"

"मग मला पाडा तरी! पडायला काय करावं लागतंय ते सांगा."

"तुम्ही पडलात तर जोडी पडते," शिवप्पा शांतपणे म्हणाला. "म्हणजे तात्याबाही पडतात."

हरिबा बाहेर येऊन पायरीवर बसले. निवडून यावं तर व्याह्यांचा मान जातो, पडावं तर व्याहीच पडतात. 'माज्या मालकाला बुडवलं' असं विहीणबाई म्हटल्या, तर पोर जन्मभर आपल्याच दारात. काय करावं माणसानं? ते तसेच उठून प्रचाराला गेले, दुसरं काय करणार!

विरुद्ध जोडी होती शरणप्पा आणि बसप्पा या चुलतभावांची. बाजारात कापडाचं दुकान, बोलायला दोघेही चलाख. मंगळवार पेठेतल्या शेवटच्या सभेत शरणप्पा गर्दीतून उठून उभा राहिला.

"एक विचारतो, हरिबा. सगळं गाव तात्याबांच्या आडाचं पाणी पितं. तुम्ही का पीत नाही? काय पडलंय त्या आडात?"

"आवो, पोरीचं सासर हाय ते. रीत हाय," हरिबा घाबरून म्हणाले, आणि गर्दीतल्या बायकांनी "व्हय की, खरं हाय" म्हणून दुजोरा दिला.

शरणप्पा एवढ्यावर थांबणारा नव्हता. "मग ती पोर सासर सोडून तुमच्या घरात का बसलीय? ज्यांना एक सून सांभाळता येत नाही, ते सोलापूर काय सांभाळणार?"

तात्याबा मोठ्या खुर्चीतून उठायला लागले, पण त्याआधी हरिबाच सतरंजीवरून उठले होते. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं. त्यांना भाषण येत नव्हतं, रडू येत होतं, आणि ते दोन्ही एकदम सुरू झालं. मांडव उडाल्याचं सांगितलं, मातीचा घास सांगितला.

"असल्या देवमानसाच्या वर मी सही केली," ते हुंदके देत म्हणाले. "माजी चुकी. म्हनून माज्या पोरीला म्हायारी यावं लागलं. इहीनबाईंचं काय बी चुकलं न्हाय, त्यांला कुनी बोलू नका. मी मत मागत न्हाय. माज्या इवायांला द्या. माजं नाव वर हाय तिकडं बघू बी नका!"

बायका पदरानं डोळे पुसत होत्या. गिरणीतला एक दांडगा मुकादम नाक शिंकरत होता. शरणप्पा खाली बसला तो पुन्हा उठला नाही.

मत म्हणजे चिंचोका, आणि पेटी म्हणजे मडकं, अशी आमच्या प्रजासत्ताकाची पद्धत होती. मतदानाच्या दिवशी हरिबांचं मडकं दुपारीच भरलं, दुसरं आणावं लागलं, तेही भरलं. शरणप्पाच्या मडक्याचा तळ दिसत होता. लोकांनी हलग्या वाजवल्या, गुलाल उधळला. हरिबा मात्र तिसऱ्या दिवशी तोंड पाडून विजापूर वेशीकडं निघाले. विहीणबाईंच्या पायावर डोकं ठेवायचं आणि पोरीला पदरात घ्या म्हणायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दारात पोचले तर आडावर चिटपाखरू नाही. रहाट तसाच लोंबत होता. एरवी या वेळी घागरींची ही रांग लागायची.

"बगा काय झालंय," तात्याबा हवालदिल होऊन म्हणाले. "सभा झाल्यापास्नं एक बाई पान्याला आली न्हाय. सुनंला हाकलनाऱ्या बाईच्या आडाचं पानी नगं म्हनत्यात. तळ्यावर रांगा लावत्यात, पर हितं येत न्हाइत."

तेवढ्यात मायाक्का चौकटीपाशी आली. आज पहिल्यांदाच ती बोलायच्या बेतानं आली होती.

"मी पोरीला हाकललं व्हय?"

"न्हाय, इहीनबाई... म्हंजे मला वाटलं..."

"काय वाटलं? आट दिस माज्या दारात तुमी उपाशी बसलायसा. व्हटं फुटल्याली. अक्क्या गावाला पानी पाजताय आन सोता वाळताय. माज्या घरचं खानार न्हाय, आन तुमच्या घरी करून घालनारं कोन न्हाय. माज्या नरड्याखाली घास उतरंना. म्हनून पोरीला धाडली. दोन पायल्या जुंदळ्याचं पीठ दिलं बांधून. म्हनलं, बोलू नगंस, हितलं हाय म्हनून कळलं तर ते मानूस खानार न्हाय."

"म्हंजे ते पीठ..."

"मंगळवेड्याची ज्वारी हाय. माज्या भावाच्या रानातली. तसली भाकरी तुमच्या डब्यातनं निगंल व्हय?"

हरिबा मटकन आडाच्या काठावर बसले. पंधरा दिवस त्यांनी या बाईच्या हातचं पीठ खाल्लं होतं आणि तिच्याच नावानं गावभर रडले होते. लाज म्हणावी तर अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. पण खरं सांगायचं तर लाजेच्याही वर त्यांना भरून आलं होतं. आपण उपाशी आहोत हे इतक्या वर्षांत कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं.

"इहीनबाई, मी चुकलो. पाया पडतो तुमच्या."

"हितं पडून काय उपेग? बोललायसा गावाम्होरं," मायाक्का म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शपथविधी झाला. शिवप्पानं नवा कोरा कागद पुढं ठेवला आणि दौतीत टाक बुडवला. "पहिला हुकूम कशाचा? रस्ते? जकात?"

"दवंडीचा," हरिबा म्हणाले. "लिवा. विजापूर वेशीभाईरच्या मायाक्कांनी सुनंला हाकललं न्हाय. सुनंचा बाप उपाशी हुता, त्याला करून घालाय धाडलं. पीठ बी त्यांचंच. अध्यक्ष चुकीचं बोलला."

शिवप्पाचा टाक थांबला. "अध्यक्ष चुकीचं बोलला, असं सरकारी कागदावर कसं लिहायचं?"

"लिवा हो. खरं हाय की."

खाली सही केली. या वेळी हात कापला नाही.

दवंडीवाला रामहरी डफ घेऊन निघाला, आणि त्याच्याबरोबर खुद्द मायाक्का निघाली. तो कागद बरोबर म्हणतो की नाही हे तिला बघायचं होतं. मागून दोघे व्याही, अंबू आणि कागदाचा मालक म्हणून शिवप्पा. बाळीवेशीत रामहरीनं 'पीठ बी त्यांचंच' जरा पुटपुटल्यासारखं म्हटलं, तर मायाक्कानं त्याला जागीच थांबवलं.

"पुना म्हन. पीठ मोट्यानं."

रामहरीनं पीठ मोठ्यानं म्हटलं. खिडक्या उघडल्या, दारं उघडली. आदल्या दिवशीपर्यंत बोटं मोडणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून एकमेकींकडं बघायला लागल्या. एक विणकराची म्हातारी आत गेली आणि घागर कंबरेवर घेऊन बाहेर आली. तिच्यामागं दुसरी. मंगळवार पेठ ओलांडेपर्यंत दवंडीमागं पन्नासेक घागरी झाल्या होत्या, आणि मायाक्का अशी ताठ चालत होती की अध्यक्ष कोण हे कुणी विचारलं नाही.

आडापाशी पोचल्यावर रामहरीनं डफ खाली ठेवला. "झालं. कागद संपला."

"कागद संपला, माजं न्हाय संपलं," मायाक्का म्हणाली. "म्हन, अध्यक्ष आज आमच्यात जेवाय हाइत."

हरिबा दचकले. "इहीनबाई, आवो रीत..."

"रीत पोटात जाऊन पंदरा दिस झालं, इवाई."

रामहरीनं एकदा हरिबांकडं पाहिलं, एकदा मायाक्काकडं, आणि डफावर थाप मारली. "ऐका हो ऐका! अध्यक्ष हरिबा आज तात्याबांच्यात जेवाय हाइत हो!" बायकांनी हसत हसत ओरडून दाद दिली.

हरिबांनी आशेनं शिवप्पाकडं बघितलं. शिवप्पानं चष्मा कपाळावर चढवला. "डफावर थाप पडली म्हणजे हुकूम झाला. कलम नऊ. अध्यक्षालाही मोडता येत नाही."

तात्याबांनी हाताला धरून हरिबांना आत नेलं आणि आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं. अंबूनं ताट वाढलं. भाकरी, आमटी, लोण्याचा गोळा आणि आडाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या. तिचं तोंड असं फुललं होतं, की हरिबांना तिच्या आईची आठवण झाली. त्यांनी पहिला घास घेतला, वरून घोटभर पाणी प्यायले. पाणी गार होतं. इतके दिवस दुसऱ्यांना पाजलं, पण ते इतकं गोड असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांची हनुवटी हलायला लागली, डोळे भरले आणि बघता बघता ते ताटावर ओणवे होऊन मोठ्यानं हुंदके द्यायला लागले.

तात्याबांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी घाईघाईनं दाराकडं पाहिलं आणि हरिबांपुढं चक्क हात जोडले.

"इवाई, पाया पडतो, रडू नगा! भाईर बाया पानी भरत्यात. पुना दवंडी द्यावी लागंल!"